जुना ट्रॅक्टर तापतोय? हेड खोलायच्या आधी हे तपासा

हरभरा-गव्हाची मळणी आणि त्यामागोमाग उन्हाळी नांगरट म्हणजे जुन्या ट्रॅक्टरची परीक्षाच. पंधरा-वीस वर्षं चाललेल्या गाडीचा काटा दुपारी लालमध्ये जातो, बोनेटमधून वाफ निघते आणि बांधावरचा कुणीतरी लगेच निकाल देतो, 'गॅस्केट गेलं.' खरं तर गॅस्केट हे शेवटचं कारण. बहुतेक वेळा दोष बाहेरच, कमी खर्चाचा असतो. हेड खोललं की मात्र खर्च हजारांत जातो आणि ऐन हंगामात गाडी उभी राहते.

काटा चढला की आधी लोड काढा. नांगर उचला, पीटीओ बंद करा. फॅन फिरत असेल आणि पाणी बाहेर पडत नसेल तर इंजिन दोन-चार मिनिटं हळू रेसवर चालू द्या, लगेच बंद केलं तर फिरणारं पाणी थांबतं आणि आतली उष्णता तिथंच अडकते. पट्टा तुटला असेल किंवा पाणी वाहून गेलं असेल तर मात्र तत्काळ बंद.

रेडिएटरचं झाकण गरम असताना उघडायचं नाही, फडकं धरूनही नाही. ते झाकण आत दाब धरून ठेवतं, म्हणून पाणी १०० अंशांच्या वर गेलं तरी उकळत नाही. झाकण सैल झालं की दाब सुटतो, पाण्याची क्षणात वाफ होते आणि उकळतं पाणी थेट तोंडावर, छातीवर येतं. अर्धा-पाऊण तास थांबा, वरचा होज हाताला कोमट लागला की मगच उघडा. तापलेल्या इंजिनात किंवा इंजिनावर गार पाणी ओतणं हा तर हेडला तडा द्यायचा सरळ रस्ता.

आता गाडी नेमकी कधी तापते ते आठवा. निम्मं निदान त्यातच आहे.

फक्त मळणीयंत्रावर तापत असेल तर रेडिएटरची जाळी बघा. फॅन समोरून हवा ओढतो, हवेबरोबर भुसाही येतो आणि जाळीवर गोधडीसारखा बसतो. नुसतं पुढून झटकून भागत नाही, उलट भुसा आणखी आत जातो. इंजिन थंड झाल्यावर फॅनच्या बाजूनं पुढच्या बाजूकडे पाणी किंवा हवा मारा. प्रेशर कमी ठेवा. वॉशिंग सेंटरच्या जोरदार धारेनं पातळ पत्रे वाकतात आणि मग हवा कायमचीच अडते. मळणी चालू असेल तर दिवसातून दोनदा तरी हे करावं. गाडी वाऱ्याच्या दिशेनं अशी उभी करा की भुसा तिच्यावर येणार नाही, एवढ्यानंही फरक पडतो. (आयशरच्या काही मॉडेल्सना एअर कूल्ड इंजिन आहे, त्यांना रेडिएटर नसतो. तिथं सिलिंडरवरच्या पात्यांमधली धूळ-तेलाची खपली काढायची.)

जाळी साफ आहे, तरी तापते? इंजिन बंद करून फॅनचा पट्टा मधोमध अंगठ्यानं दाबा. साधारण अर्धा इंच दबला तर ठीक. जास्त दबला, चकाकत असला किंवा कडेनं फाटला असेल तर तो घसरतोय, वॉटर पंप आणि फॅन दोन्ही मंद फिरतायत. पंपाच्या खाली ओघळ दिसला तर पंपाचं सील गेलंय.

हलक्या कामाला ठीक आणि नांगराला लावली की तापते, अशी गाडी बहुधा आतून चोंदलेली असते. याचं मूळ बोअरच्या पाण्यात. किटलीत बसतो तसा पांढरा थर रेडिएटरच्या नळ्यांत बसतो. रेडिएटर साफ करून घ्या आणि पुढं कूलंट व डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं भरा. आठवड्याला बोअरचं पाणी टाकून 'टॉप अप' करणं बंद करा. पाणी सारखं कमी होत असेल तर गळती शोधा.

सकाळी चालू केल्यावर थोड्याच वेळात काटा चढतो, वरचा होज मात्र गारच, असं असेल तर थर्मोस्टॅट अडकलाय. अनेक मिस्त्री तो काढून फेकतात. गाडी तेवढ्यापुरती चालते, पण नंतर इंजिन पुरेसं गरमच होत नाही, डिझेल जास्त जातं, झीजही वाढते. तो पातेल्यातल्या पाण्यात टांगून गरम करा. साधारण ८० अंशांच्या आसपास उघडायला लागला पाहिजे. पाणी उकळलं तरी उघडला नाही तर नवीन बसवा.

एवढं करूनही तापत असेल तर मग गॅस्केट. थंड इंजिनाचं झाकण काढून पाणी काठोकाठ भरा आणि गाडी चालू करा. उपरणं, शर्टाची बाही फॅनपासून दूर ठेवा. सुरुवातीला थोडे बुडबुडे येतातच, पण ते थांबतच नसतील तर सिलिंडरमधला गॅस पाण्यात येतोय. इंजिन ऑइलची डिपस्टिकही काढून बघा. ऑइल दुधाळ चहासारखं दिसलं तर गाडी पुन्हा चालू करू नका, ट्रेलरवर घालून गॅरेजला न्या. तिथं गॅस्केट बदलताना हेड सपाट आहे का हे पट्टी लावून तपासायला सांगा, नाहीतर नवं गॅस्केटही महिनाभरात जातं.