जलकराची पावती

मार्चअखेरीच्या दिवसांत सौंसरजवळच्या मोहगावात करवसुलीवाल्यासोबत एक सकाळ फिरलो. त्याच्या पिशवीत मागणीचं रजिस्टर, पावती पुस्तक आणि वापरून वापरून पातळ झालेला कार्बन कागद. कडी वाजवायची, नाव शोधायचं, मागच्या बाकीवर बोट ठेवायचं. पावतीवर 'समेकित कर', 'जलकर', सगळं हिंदीत; बोलणं मात्र झाडून मराठीत. 1956 साली विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि सौंसर-पांढुर्णा मध्य प्रदेशातच राहिलं, ते असं पावतीवर उमटलं आहे.

"काऊन जी, आमच्या चढावर धार बारीक काऊन येते?" एका आजीनं नोटा मोजता मोजता विचारलं. त्यानं काही न बोलता तिचा घर क्रमांक समासात टिपून घेतला. संध्याकाळी वॉल सोडणाऱ्याला तो दाखवला. त्या माणसानं लांब लोखंडी चावी खड्ड्यात उतरवली, खालच्या गल्लीचा वॉल दोन आटे आवळला आणि नळीला कान लावून उभा राहिला.

मला हे दोन आटे फार मोलाचे वाटतात.

कारण एरवी छोट्या गावाचा बहुतेक पैसा वरून येतो. मध्य प्रदेशात चुंगी, म्हणजे जकात, 1976 मध्ये बंद झाली. तिच्या बदल्यात राज्य सरकार 'चुंगी क्षतिपूर्ति' देतं आणि लहान नगर परिषदांचे पगार बऱ्याच अंशी तिच्यावर चालतात. पंधराव्या वित्त आयोगानं 2021 ते 2026 साठी लहान शहरांचं 60 टक्के अनुदान पाणी आणि स्वच्छतेला बांधून दिलं. उरलेलं 40 टक्के मोकळं, पण पगारासाठी नाही. खेड्यांत तर आणखी कठीण: रिझर्व्ह बँकेच्या 2024 च्या अहवालानुसार पंचायतींच्या उत्पन्नात स्वतःच्या करांचा वाटा जेमतेम 1 टक्का.

बांधलेल्या निधीला माझा विरोध नाही. पाण्याचा पैसा पाण्यावरच गेला पाहिजे, आणि गरीब गावाला वरच्या मदतीशिवाय टाकी बांधता यायची नाही. पण कोणत्या चढावर धार बारीक आहे, हे दिल्ली-भोपाळला कुठून दिसणार? ते आजीला ठाऊक असतं, आणि पावती हातात असली की ती विचारते. आलेल्या अनुदानाबद्दल असं दारात उभं राहून विचारलेलं मी कधी ऐकलं नाही. म्हणून जलकराची रक्कम कितीही लहान असो, गावाच्या राहणीमानासाठी मला ती अनुदानाइतकीच महत्त्वाची वाटते.

पावती जपून ठेवा. दरवर्षी नगर परिषदेत अंदाजपत्रक मांडलं जातं. त्यात जलकर किती जमला आणि पाणीपुरवठ्यावर किती खर्च झाला, हे दोन आकडे आपल्या नगरसेवकाकडून मागून घ्या.