‘सक्सीड’ : यश आणि गादी

१७ मार्च १८८४ रोजी कागलच्या घाटगे घराण्यातील यशवंतराव करवीरच्या गादीवर दत्तक आले आणि शाहू छत्रपती झाले. इंग्रजीत ही हकीकत लिहावयाची तर ‘सक्सीड’ हे क्रियापद हमखास येते. परीक्षेत यश मिळाले तरी क्रियापद तेच! मराठी माणसाला हा प्रकार चमत्कारिक वाटतो. आपल्याकडे गादीवर येणे वेगळे आणि काम तडीस जाणे, फत्ते होणे वेगळे.

मूळ शब्द लॅटिन, ‘सुक्सेडेरे’. ‘सेडेरे’ म्हणजे जाणे, आणि ‘सुब्’ हा उपसर्ग खालून किंवा मागोमाग असा अर्थ देतो. म्हणजे एकाच्या मागून दुसऱ्याने येणे, हा पहिला अर्थ. कामाच्या मागून जे येते ते त्याचे फळ. म्हणून ‘सक्सेस’ म्हणजे प्रथम नुसता परिणाम. बरा की वाईट, हे विशेषण लावून सांगावे लागे. पुढे वाईट गळून चांगले तेवढे उरले. (आपला ‘पास’ हा शब्दही लॅटिनमधील पावलाच्या शब्दावरून निघालेला. यशाचे इंग्रजी शब्द असे चालते-फिरते!)

गेल्या खेपेस बेळगावजवळच्या कडोलीस एका आप्तांकडे उतरलो होतो. दरवर्षी मराठी साहित्य संमेलन भरवणारे हे गाव. तेव्हा पाहुण्याला शब्दांविषयी प्रश्न विचारण्याची तेथे चोरी नाही. कॉलेजात जाणाऱ्या नातीने हे दोन अर्थ ओळखावयाचे कसे, असे विचारले. मी सांगितले, पुढे ‘इन’ आले तर यश, ‘टू’ आले तर गादी किंवा वतन, आणि थेट माणसाचे नाव आले तर त्याच्या मागून त्याच्या जागी येणे. आपली मुले यशाच्या वाक्यात हटकून ‘टू’ घालतात आणि परीक्षा देता देता सिंहासनावर चढतात.

तिला हसू आले. पण या मुलुखात त्या ‘टू’साठी रक्त सांडले आहे. १८२४ साली कित्तूरच्या देसायांचे दत्तकविधान धारवाडच्या थॅकरे साहेबाने मानले नाही. राणी चन्नम्माने शस्त्र धरले. ऑक्टोबरात थॅकरे मारला गेला, डिसेंबरात किल्ला पडला. १८४८ साली साताऱ्याचे दत्तकही कंपनी सरकारने नामंजूर केले. वारस कोण, हे घराण्याने ठरवावयाचे की साहेबाने, एवढाच वाद. आणि त्यात राज्ये गेली.

आजोबा इतका वेळ सुपारी कातरत ऐकत होते. त्यांचा मुलगा पुण्यास मोठ्या हुद्द्यावर आहे. ते म्हणाले, “यश आलं की त्याला, नाही कुठं म्हणतोय? पण माझ्या मागनं या रानात कोण येतंय ते सांगा.”

त्या घरात एक अर्थ साधला होता तो दुसऱ्याच्या जिवावर, आणि हे समजावून देण्यास माझ्यापाशी व्याकरण नव्हते. नातीने मात्र वहीत दोन वाक्ये लिहून दाखवली. पहिल्यात तिचे बाबा होते, दुसऱ्यात विहिरीकडचा तुकडा. आणि त्या दुसऱ्या वाक्याचा कर्ता तिने स्वतःला केले होते. ‘टू’ बिनचूक होता. आजोबांना इंग्रजी येत नाही. वाक्याचे मराठी मी करून सांगितले तेव्हा त्यांनी अडकित्ता खाली ठेवला आणि वही मागून घेतली.