फ्रेंच न्यायाचे दस्तऐवज (लेखांक ७) : सुटकेच्या हुकमावरची सही

मागच्या लेखांकात अटकेचा हुकूम पाहिला. आज कैद्याला सोडण्याचा सहीचा हुकूम पाहू. दिसायला तो साधाच: कैद्याचे नाव, निकालाचा दाखला, तारीख, सही आणि एक ठरलेली अट, की दुसऱ्या कारणासाठी अडकवलेला नसल्यास या इसमास सोडावे. हा निव्वळ कारकुनी सोपस्कार वाटणे साहजिक आहे. पण एकोणिसाव्या शतकातल्या फ्रान्समध्ये कैद्याच्या स्वातंत्र्याला मोठमोठ्या जाहीरनाम्यांपेक्षा या कागदाचा आधार अधिक होता, असे माझे ठाम मत आहे. कारण या कागदाने तुरुंगाधिकाऱ्याला जबाबदार धरले.

१७८९ पूर्वी राजाच्या मोहरेच्या पत्राने माणूस विनाचौकशी, बेमुदत आत जाई आणि राजाची मर्जी फिरली तरच बाहेर येई. सुटका हा हक्क नव्हताच. १८०८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेने हे चित्र पालटले. कच्च्या कैद्यांच्या तुरुंगातल्या नोंदवहीच्या प्रत्येक पानावर तपास न्यायाधीशाची सही असे, त्यामुळे मधले पान फाडणे किंवा नवे घुसडणे अवघड झाले. कैदी आणला की ज्या हुकमाने आणला तो वहीत उतरवायचा. सुटला की त्याच नोंदीच्या समासात सुटकेची तारीख आणि ज्या निकालाने सुटला त्याचा उल्लेख करायचा. समास कोरा दिसला, की माणूस अजून आत का, हे कोणताही तपासनीस विचारू शकत होता. कागदाविना कैदी ठेवून घेणाऱ्याला १८१० च्या दंडसंहितेने सहा महिने ते दोन वर्षे कैद आणि १६ ते २०० फ्रँक दंड ठेवला होता.

यावर कोणी म्हणेल, सत्तेने मनात आणले तर कायदा कागदावरच राहतो. नेपोलियनने मार्च १८१० च्या फर्मानाने खटल्याविना डांबण्यासाठी आठ राजकीय तुरुंग नेमले. १८५८ च्या सुरक्षा कायद्याने संशयितांना न्यायालयाविना अल्जीरियात धाडता येऊ लागले. हे खरेच आहे. पण त्यासाठी वेगळे फर्मान आणि वेगळा कायदा करावा लागला, यातच नेहमीचा नियम किती आड येत होता ते दिसते. दुसरा आक्षेप असा, की सहीची वाट पाहण्यात निर्दोष माणूसही खोळंबतो. तोही खरा, पण तोंडी शब्दावर उघडणारे दार तोंडी शब्दावर बंदही होते. शिक्षा भोगून सुटलेल्या अनेकांमागे पोलिसांची देखरेख १८८५ पर्यंत राहिली, ही मात्र या कागदाची मर्यादा मानावीच लागेल. कैद कोणाच्या हुकमाने संपली हे तो सांगत होता. बाहेरच्या आयुष्याची हमी देणे त्याच्या आवाक्यात नव्हते.

म्हणून असा हुकूम हाती आला, की सही कोणाची आणि दाखला कोणत्या निकालाचा, हे आधी पाहावे. ज्या राज्याला माणूस सोडल्याचाही हिशेब द्यावा लागतो, त्याला माणूस गुपचूप डांबून ठेवणे जड जाते. निकालाआधीच्या सुटकेचा, म्हणजे १८६५ च्या जामीन कायद्याचा विचार पुढच्या लेखांकात करू.