रॉकेटला शेपटी कशाला?

मॉडेल रॉकेटचं किट उघडलं की आधी हात कशावर पडतो? टोकदार नाकावर, नाहीतर रंगीत पॅराशूटवर! पातळ लाकडी पाकळ्या, म्हणजे रॉकेटची शेपटी, खोक्यात तशाच पडून राहतात. पण सांगू? सगळी मदार त्यांच्यावरच असते.

समजा, दुधनीतल्या तुमच्या गटानं किट जोडायला घेतलंय. नळी आहे साध्या पुठ्ठ्याची. तिला पाकळ्या चिकटवायच्या त्या अगदी सरळ. तिरक्या बसल्या तर रॉकेट वर जाताना गरागरा फिरेल. म्हणून एकानं नळी धरायची, दुसऱ्यानं पाकळी, आणि फेविकॉल वाळेपर्यंत खुशाल गप्पा मारायच्या.

आता गंमत बघा. रॉकेट सुसाट वर निघालंय, तेवढ्यात वाऱ्यानं नाक थोडं कललं. लगेच समोरची हवा रुंद पाकळ्यांवर कडेनं आदळते, शेपटीला ढकलून जागेवर आणते, आणि नाक पुन्हा सरळ! मात्र एक अट आहे. रॉकेट बोटावर आडवं धरलं की जिथं तोल साधतो, ती जागा नाकाकडे हवी आणि हवेचा जोर शेपटीकडे पडायला हवा. उलटं झालं तर आकाशात कोलांट्या.

हे उडवण्याआधीच तपासता येतं, आणि मला तर हाच भाग सगळ्यांत आवडतो. इंजिन बसवायचं, पण पेटवायची तार लावायची नाही. तोलाच्या जागी लांब दोरी बांधायची आणि ज्वारीवरची पाखरं हाकलायला गोफण फिरवतात तसं रॉकेट डोक्याभोवती फिरवायचं. नाक पुढे राहिलं? शाब्बास! शेपटी पुढे आली, तर नाकात थोडी क्ले भरा, तोल नव्यानं शोधा आणि पुन्हा फिरवा.

इंजिन कारखान्यातलंच हवं. दारू घरी कालवायची नाही, कधीच नाही. इंजिनावर 'ए८-३' असं काहीतरी लिहिलेलं असतं. 'ए' म्हणजे एकूण ताकदीचा गट, ८ म्हणजे सरासरी रेटा आठ न्यूटन, आणि ३ म्हणजे जळणं संपल्यावर तीन सेकंदांनी छोटा स्फोट होऊन नाक निघतं आणि पॅराशूट बाहेर पडतं. उडवायला तूर काढल्यावरचं मोकळं रान निवडा. वाळकं गवत साफ करा. रेल्वे आणि विजेच्या तारा लांब हव्यात. पेटवायचं बटण मोठ्या माणसासोबत, निदान पाच मीटरवरून दाबायचं.

आता खऱ्याखुऱ्या रॉकेटकडे वळू. सोलापुरात जन्मलेल्या वालचंद हिराचंदांच्या नावाचं वालचंदनगर माहीत आहे ना? तिथल्या कारखान्यात इस्रोच्या रॉकेटची पोलादी नळकांडी बनतात. त्यांत भरायच्या घन इंधनावर पुण्यात जन्मलेल्या वसंत गोवारीकरांनी मोठं काम केलं. इस्रोच्या पीएसएलव्ही या रॉकेटच्या पहिल्या टप्प्यात असं सुमारे १३९ टन इंधन मावतं!

मग एवढ्या मोठ्या पीएसएलव्हीला तुमच्या रॉकेटसारखी मोठी शेपटी का नाही? कारण ते स्वतःला वळवू शकतं. खालच्या ज्वाळेत बाजूनं द्रव फवारला की ज्वाळा किंचित कलते आणि रॉकेट वळतं. थुंब्याहून १९६७ साली उडालेल्या रोहिणी-७५ ला ही सोय नव्हती. जेमतेम साडेसात सेंटीमीटर जाडीचं ते रॉकेट तुमच्या पुठ्ठ्याच्या रॉकेटसारखंच शेपटीच्या भरवशावर सरळ गेलं.