सांडपाणी रानात सोडण्याआधी

एप्रिल २०१६मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आलं. त्या उन्हाळ्यातही गावोगावच्या नाल्यांतून धुण्याभांड्याचं पाणी वाहतच होतं. हिशेब मांडून पाहा. शिरूर अनंतपाळसारख्या गावात माणशी रोज ५५ लिटर पाणी आलं, तर त्यातलं सुमारे ८० टक्के वापरून नालीत जातं. दहा हजार वस्तीमागे हे झाले जवळपास साडेचार लाख लिटर. एकरभर रानाला पाच सेंटिमीटर पाणी द्यायला दोन लाख लिटर लागतात. म्हणजे रोजचं दोन एकरांचं भिजवण वाया जातं, नाहीतर कच्चंच मेथी-कोथिंबिरीच्या वाफ्यात शिरतं. हे दुसरं जास्त वाईट. त्यात जंतांची अंडी असतात, टायफॉईडचे जंतू असतात.

पण घाण खाऊन जगणारे जिवाणूही त्याच पाण्यात असतात. १९१४ साली मँचेस्टरला आर्डर्न आणि लॉकेट यांनी सांडपाण्यात हवा सोडली आणि तळाचा जिवाणूंनी भरलेला गाळ फेकून न देता पुन्हा पुन्हा वापरला. आठवड्यांचं काम काही तासांवर आलं. शहरांतले बहुतेक प्रकल्प याच तत्त्वावर चालतात. त्यांना अखंड वीज लागते, आणि लहान नगरपंचायतीचं घोडं तिथंच अडतं.

नागपूरच्या ‘नीरी’ या पर्यावरण संशोधन संस्थेचं फायटोरिड तंत्र आपल्या गावांना जास्त परवडणारं आहे. आधी गाळ बसू द्यायचा, मग पाणी खडीच्या हौदातून सावकाश वाहू द्यायचं. वर कर्दळ, पाणकणीस लावायचं. खडीला आणि मुळांना चिकटलेले जिवाणू घाण खातात, हवा मिळेल तिथं अमोनियाचं नायट्रेट करतात. ते नत्र पिकाला हवंच असतं, म्हणून शेतीसाठी पाणी नितळ काचेसारखं करण्याचा अट्टहास नको. जंतू मारणं महत्त्वाचं. त्यासाठी हौदापुढे उन्हात उघडं तळं हवं. हवा आणि वेळ दिला नाही, तर बाजारातली जिवाणूंची पावडर टाकूनही काही होत नाही.

क्षार मात्र जिवाणू खात नाहीत. आपल्या काळ्या, निचरा कमी असलेल्या रानात ते साचतात.

कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या पिकांसाठी जागतिक आरोग्य संघटनेने १९८९मध्ये मर्यादा घातली होती: १०० मिलिलिटरमध्ये विष्ठेतले जिवाणू हजारापर्यंत, लिटरमागे जंताचं अंडं फार तर एक. तेव्हा नगरपंचायतीकडे प्रक्रियेची मागणी करा, पाणी प्रयोगशाळेत तपासून घ्या, आणि तोवर प्रक्रिया केलेलं पाणीसुद्धा बांबूला, तुतीलाच द्या, भाजीला नको.