वेलांटीची बावीस वर्षं

2001 च्या जुलैत भिलाईच्या एका शाळेत विशेष शिक्षिका म्हणून रुजू झाले, तेव्हा मला खेळाच्या सामानाची खोली मिळाली आणि अकरा मुलांची यादी. प्रत्येक नावापुढे एकच शेरा: 'लापरवाह'. त्यातली चौथीतली एक मुलगी मैत्रीबाग प्राणिसंग्रहालयातल्या पांढऱ्या वाघाबद्दल दहा मिनिटं न थांबता बोलायची. 'किताब' हा शब्द मात्र तिला वाचता येत नव्हता.

तिचं नेमकं कुठे अडतं, हे कळायला मला एक सहामाही लागली. देवनागरीत ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी लिहितात आणि उच्चारतात नंतर. बहुतेक मुलांना ही उलटापालट कुणी न सांगताच अंगवळणी पडते. डिस्लेक्सिया असलेल्या मुलाचं दुखणं मुळात डोळ्यांत नसतं. शब्दातले आवाज सुटे करणं आणि ते अक्षरांशी बांधणं त्याला जड जातं, म्हणून आवाज आणि खूण यांचा क्रम फिरला की तो हरवतो. आम्ही परातीत रवा पसरला. आधी 'क' गिरवायचा, तोंडाने 'कि' म्हणायचं, मग वेलांटी काढायची. वेलांटी लाल, अक्षर काळं. पुढच्या दिवाळीपर्यंत तिने 'किताब', 'दिन', 'मिठाई' वाचलं. मग 'कर्म' आला. तिथे रफार 'म'वर बसतो आणि वाचायचा असतो त्याच्या आधी! रफारावर मी आजही अख्खी वही भरून लिहू शकेन.

मराठी घरांतल्या मुलांचा गुंता वेगळाच होता. घरी 'कमळ', शाळेत हिंदीतलं 'कमल'. घरी 'कवी', शाळेत 'कवि'. अशा चुका डिस्लेक्सियाच्या नव्हेत, दोन भाषांत वाढल्याच्या असतात. छत्तीसगढी बोलणाऱ्या मुलांचंही तेच. पण तपासायला हाताशी असायच्या इंग्रजी चाचण्या, त्यामुळे दोन्ही प्रकारची मुलं एकाच रांगेत उभी राहायची. मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राची 'डाली' ही चाचणी 2015 साली हिंदी, मराठी, कन्नड आणि इंग्रजीत आली, तेव्हा कुठे मुलाला त्याच्या भाषेत विचारता आलं.

पालकांशी बोलणं सगळ्यात अवघड. भिलाईत शेजारच्या क्वार्टरमधला मुलगा आयआयटीला जातो आणि पेढे आपल्या घरी येतात. रात्रपाळी संपवून थेट शाळेत आलेले एक वडील डोळे चोळत म्हणाले, "मॅडम, मी मारतो त्याला. अजून काय करू?" मला त्यांचा राग आला नाही. त्यांना दुसरं काही कुणी सांगितलंच नव्हतं.

21 डिसेंबर 2007 ला डिस्लेक्सिया असलेल्या मुलाची गोष्ट सांगणारा 'तारे जमीन पर' लागला आणि त्या जानेवारीत प्रथमच पालक आपणहून दारात आले. ज्यांना मी तीन-तीन वर्षं समजावत होते, तेही. त्या सिनेमाचे उपकार मी मानते.

कायदा मागून आला. 1995 च्या अपंग व्यक्ती कायद्यात या मुलांचा उल्लेख नव्हता. मुंबईत 1996 साली महाराष्ट्र डिस्लेक्सिया असोसिएशन उभी राहिली, आणि आम्ही मात्र तपासणीसाठी मुलांना रेल्वेने चार-एक तासांवरच्या नागपूरला पाठवत होतो. 2016 च्या कायद्याने एकवीस प्रकारच्या दिव्यांगत्वांत डिस्लेक्सियासह विशिष्ट अध्ययन अक्षमता घेतली आणि एप्रिल 2017 पासून तो लागू झाला. आता सीबीएसईच्या तीन तासांच्या पेपरला प्रमाणपत्रावर एक तास जास्त मिळतो, लेखनिकही मिळतो.

पण इथेच आमचं चुकलं, असं मला वाटतं. प्रमाणपत्र धावतपळत काढलं जातं ते नववीत, बोर्डाच्या भीतीने. तोवर वाचायला शिकवण्याची सगळ्यात मोलाची वर्षं निघून गेलेली असतात. सवलत हा त्या मुलाचा हक्क आहे, तो त्याला मिळालाच पाहिजे. पण जास्तीचा एक तास म्हणजे वाचन नव्हे. वाचन येतं ते रोजच्या अर्ध्या तासाने, एका शिक्षकासमोर चारच मुलं बसलेली असताना. 2023 मध्ये मी निवृत्त झाले, तेव्हा त्या खोलीत माझ्यासमोर सव्वीस मुलं होती.

तुमचं मूल दुसरीच्या अखेरीस बोलण्यात हुशार आणि वाचनात अडखळणारं असेल, तर 'मोठं झालं की येईल' म्हणून थांबू नका. या उन्हाळ्याच्या सुट्टीतच त्याची तपासणी करून घ्या, आणि ती घरी बोलता त्या भाषेतही व्हावी असा आग्रह धरा.