धानाच्या बांधीतील वायूचे मोजमाप



रोवणी आटोपली की झाडीपट्टीतील बांध्यांत पाणी साचून राहते आणि त्यातून अधूनमधून बुडबुडे वर येतात. चिखलात प्राणवायू पोहोचत नाही. तेथील सूक्ष्मजीव कुजलेला पालापाचोळा पचवून मिथेन वायू निर्माण करतात. शंभर वर्षांचा हिशेब धरल्यास हा वायू तितक्याच वजनाच्या कर्बवायूच्या सुमारे २८ पट उष्णता धरून ठेवतो. मामा तलावांच्या गाळातही हीच क्रिया चालते.

परंतु तो निघतो किती? १९९० च्या सुमारास अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने भारतीय भातशेतीच्या नावे वर्षाला ३.७८ कोटी टन मिथेन मांडला होता. त्या अंदाजाचा आधार परदेशी शेतांतील मोजणी हा होता. डॉ. ए. पी. मित्रा यांच्या पुढाकाराने राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेने १९९१ साली आपल्या शेतांत प्रत्यक्ष मोजणी घडवून आणली. आकडा सुमारे ४० लाख टनांवर आला! दुसऱ्याच्या शेतातील मापाने आपल्या शेतकऱ्याला दोषी ठरविणे हा अन्यायच होता, असे आम्हांस वाटते.

मोजणीची रीत सोपी आहे. तळ नसलेली पेटी जमिनीवर वा पाण्यावर पालथी घालावी, कडेने हवा निसटू देऊ नये आणि आतील वायू किती वेगाने वाढतो ते पाहावे. पूर्वी पेटीतील हवा सिरिंजने काढून शहरातील प्रयोगशाळेत न्यावी लागे. आता पेटीतच स्वस्त सेन्सर बसविता येतो. मिथेनच्या सेन्सरमध्ये कथिलाच्या ऑक्साइडचा तापविलेला थर असतो. वायू लागताच त्याचा विद्युतरोध घटतो. स्वीडनच्या लिंशोपिंग विद्यापीठातील डेव्हिड बास्टविकेन व सहकाऱ्यांनी असे यंत्र घरी बनविण्याची रचना २०२० साली सर्वांस खुली केली. मात्र हा सेन्सर दमट हवेने व उष्णतेने फसतो. म्हणून शेजारी तापमान व आर्द्रता नोंदवावी लागते आणि प्रत्येक सेन्सर ज्ञात प्रमाणाच्या वायूवर तपासून घ्यावा लागतो. चंद्रपूरच्या उकाड्यात ही तपासणी टाळली, तर आकडे निरुपयोगी ठरतील.

गडचिरोलीतील मेंढा-लेखा ग्रामसभेस २००९ साली सुमारे १,८०० हेक्टर वनावर सामूहिक हक्क मिळाला. उद्या कोणी जंगलातील कर्बाचा सौदा घेऊन दारी आला, तर अशा ग्रामसभांपाशी स्वतःचे आकडे असलेले बरे.

निसर्गातील परस्परसंबंध समजून घेणाऱ्या संशोधनावर अधिक खर्च व्हावा, असे दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या 'लौदातो सी' परिपत्रात म्हटले होते. तरुणपणी ते स्वतः रसायनशास्त्र शिकून प्रयोगशाळेत काम करीत असत, हे येथे आठवते. आपल्या शाळांतील विज्ञानशिक्षकांनी एका बांधीत रोवणीपासून कापणीपर्यंत दर आठवड्यास पेटी ठेवून पाहावी. सकाळची व दुपारची नोंद मात्र वेगवेगळी ठेवावी.